पेढे वाटले गेले, तेव्हा पेशंट वॉर्डातच होती

पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवून आबासाहेब म्हणाले, "डॉक्टर, आता तुमच्या इस्पितळाचं नाव सगळ्या खानदेशात होणार!"

आबासाहेब आमच्या ट्रस्टचे चेअरमन. धुळ्यात वकिली करत. ट्रस्टच्या त्या वीस खाटांच्या इस्पितळाचा मी मुख्य डॉक्टर होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला तीन-चार महिने होते. बातमी अशी की माझे असिस्टंट डॉक्टर दिनकर यांनी बायकांच्या वॉर्डातल्या एका पेशंटला लग्नाचं विचारलं होतं आणि तिने होकार दिला होता. (दोघांचीही नावं मी बदलली आहेत.)

पेशंट यमुनाबाई. वय चोवीस, दोंडाईच्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. बाराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी वैधव्य. त्यांच्या जातीत पुनर्विवाहाची चाल नव्हती. घरी म्हातारी आई, यमुनाबाईंच्याच पगारावर जगणारी.

आबासाहेब सुधारक होते, मीही होतो. त्यांनी एका साप्ताहिकासाठी या पुनर्विवाहाच्या बातमीचा मजकूर लिहूनच आणला होता. मी पेढा खाल्ला आणि दिनकरचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाची आया भिकाअक्का दारात उभी राहिली.

"काय अक्का?"

"डागदरसाहेब, मास्तरीनबाईले ताप नही. दोन येळ भाकर खास, फिरस. मंग तिले घर काब्र नही जाऊ देतस?"

"घरी कधी सोडायचं ते दिनकर डॉक्टर बघताहेत ना?"

"तेच तर बघतस!" अक्का म्हणाली. मग आवाज उतरवून, "बठ्ठासनी पेढा खादा. बाईनी नही खादा."

पेढा सगळ्यांनी खाल्ला होता, फक्त यमुनाबाईंनी नाही. मी वॉर्डात गेलो. खाटेशी एक कागद टांगलेला असतो, त्याला आम्ही तिकीट म्हणतो. पेशंटचा ताप, औषध, खाणं, रोजचा शेरा सगळं त्यावर. यमुनाबाईंना टायफॉईड झाला होता. या रोगात ताप उतरल्यावरही पेशंटला लगेच सोडत नाहीत, कारण तो उलटतो. त्याला रिलॅप्स म्हणतात. आमचा नियम असा, की ताप उतरल्यापासून दहा दिवस थांबायचं आणि मग घरी पाठवायचं. तिकिटावर बावीस दिवस पारा नॉर्मलवर होता. रोजचा शेरा एकच: ऑब्झर्व्ह. म्हणजे नजरेखाली ठेवा.

मी दिनकरला ऑफिसात बोलावलं.

"बावीस दिवस कशासाठी?"

"रिलॅप्सची भीती होती, सर."

"लक्षण काही?"

"तसं नाही. पण अशक्तपणा होता."

"लग्नाचं कधी विचारलंस?"

"मागच्या आठवड्यात. सकाळच्या राऊंडला."

"ती बसली होती?"

"पडून होती."

"तू?"

"उभा होतो."

"हातात काय होतं?"

"तिकीट," तो म्हणाला.

"ती काय म्हणाली?"

"मान डोलावली." त्याचा चेहरा लाल झाला. "सर, मी काही गैर केलेलं नाही. नाडी बघण्यापलीकडे हातसुद्धा लावलेला नाही. मला तिच्याशी लग्न करायचंय, चोरून काही नाही."

"तू गैर वागलास असं मी म्हणत नाही. तिचं उत्तर खरं आहे का, एवढंच मला कळत नाही. तुलाही कळत नसणार."

शाळा उघडायला आठ दिवस होते. आजारी रजेवरून कामावर हजर होताना फिट सर्टिफिकेट लागतं, म्हणजे नोकरी करण्याइतकी प्रकृती सुधारल्याचा दाखला. तो उपचार करणारा डॉक्टर देतो. यमुनाबाईंची नोकरी कायम झालेली नव्हती. वेळेवर हजर झाल्या नसत्या तर जागा गेली असती.

मी त्यांना स्वतः तपासलं. डिस्चार्जवर आणि सर्टिफिकेटवर मीच सही केली. त्यांनी सर्टिफिकेट दोनदा वाचलं, घडी घालून कमरेला खोवलं आणि तासाभरात इस्पितळ सोडलं. दिनकरला मी पुरुषांच्या वॉर्डात टाकलं आणि सांगितलं, "पत्र लिहायचं नाही. शाळा सुरू होऊन दोन महिने होऊ देत. मग तिच्या घरी जाऊन विचार."

आबासाहेब भडकले. "अहो, मुलगी हो म्हणाली, मुलगा हो म्हणतोय, तुम्ही कोण मोडता घालणारे? सनातनी लोक हसतील आपल्याला!"

"हसू देत. मजकूर छापू नका."

"आणि दोन महिन्यांनी ती नाही म्हणाली तर?"

"तर आजचं 'हो' कशाचं होतं, ते कळेल."

मजकूर छापला नाही. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

ऑगस्टमध्ये दिनकरने मला सोबत यायला सांगितलं. आम्ही सर्व्हिस मोटारीने, म्हणजे त्या काळच्या बसने, दोंडाईच्याला गेलो. यमुनाबाई तब्येतीने सावरल्या होत्या. चहा त्यांनी स्वतः आणला. दिनकरने सरळ विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला लग्न करायचं नाही."

"पण तेव्हा तुम्ही..."

"तेव्हा मला घरी जायचं होतं."

दिनकरला समजायला वेळ लागला. "म्हणजे मी सर्टिफिकेट अडवलं असतं, असं वाटलं तुम्हाला?"

"अडवलंच होतं की," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "दहा दिवसांनी सोडतात, हे मला शेजारच्या खाटेवरच्या बाईने सांगितलं होतं. ती माझ्यानंतर आली आणि आधी घरी गेली." कप उचलत त्या म्हणाल्या, "तुम्ही माझा जीव वाचवलात, डॉक्टर. ते मी विसरणार नाही. म्हणून तर तेव्हा नाही म्हणता आलं नाही."

परतताना मोटार शिंदखेड्याला थांबली. तेव्हा दिनकर म्हणाला, "सर, मला खरंच रिलॅप्सची भीती वाटत होती."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. तो लबाड असता, तर मला हे प्रकरण सोपं गेलं असतं.

पुढे आमच्या इस्पितळात दोन नियम झाले. दहा नॉर्मल दिवसांनंतर पेशंट ठेवायचा असेल, तर दुसऱ्या डॉक्टरने तपासून कारण लिहायचं. आणि कर्मचाऱ्याचं मन पेशंटकडे ओढ घेत असेल, तर त्याने आधी तिकीट दुसऱ्याच्या हाती द्यायचं. बोलायचं ते पेशंट घरी गेल्यावर. आबासाहेबांनी दोन्ही नियम मंजूर केले.

यमुनाबाईंचं तिकीट मी फाईलमधून काढून पुन्हा पाहिलं. आठवड्यातून एकदा मुख्य डॉक्टरने प्रत्येक तिकिटावर सही करायची असते. त्या बावीस दिवसांत माझ्या तीन सह्या होत्या.