गळ्यातली शिट्टी

मैदानात दोन पोरांची जोरात टक्कर झाली आणि मी उत्साहाने टाळ्या वाजवल्या. खाली पडलेला आमचाच होता, हे बायकोने कोपर मारून सांगितलं. हेल्मेटमध्ये सगळी पोरं सारखीच दिसतात हो.

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या त्या मैदानावर मुलांना अमेरिकन फुटबॉल शिकवणारे ट्रेनर दर शनिवारी भेटत आणि दर शनिवारी माझं नाव नव्याने विचारत. शिट्टी गळ्यात, आणि शोधायचे खिशात. आधी 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणायचं आणि मग पुढचं वाक्य आठवत बसायचं. माणूस प्रेमळ, पोरांच्या बुटांच्या नाड्या गुडघे टेकून बांधायचा.

त्या दिवशी त्यांनी आमच्या भेलकांडणाऱ्या पोरासमोर दोन बोटं धरली. "किती?" पोरगं भलतीकडेच बघत होतं. "दोन, गेनाऊ! अगदी बरोबर!" उत्तरही त्यांनीच दिलं आणि पाठीवर थाप मारून त्याला परत खेळायला पाठवलं.

माझं डोकंच फिरलं. मी सरळ मैदानात घुसलो. "दहा वर्षांचं पोर आहे ते! धड उभं राहता येत नाहीये त्याला, दिसत नाही तुम्हाला? मी त्याला डॉक्टरकडे नेतोय."

ते दुखावले. "आल्झो, याच्या वयापासून मी डोक्यावर असे कितीतरी दणके खाल्लेत. मला झालं का काही?" मग माझ्याकडे बघत थांबले. "तुमचं नाव काय म्हणालात?"

गाडीत पोराचं डोकं मांडीवर घेऊन बायको मागे बसली होती. मग म्हणाली, "अहो, त्यांना त्या वयात कोणीच मैदानातून उचलून आणलं नाही का?"