आम्ही आलेखवाले आणि गुरुजींची रेघ

आकड्यांच्या खात्यात नोकरी केली की माणूस रुक्ष होतो, असं माझ्या सासुरवाडीचं ठाम मत आहे. साफ चूक! आकडे असतात तिथे ते सजवणारे येतात, आणि सजवणारे आले की किस्से साचायला लागतात. माझ्याकडे तर इतके साचलेत, की कुणी नुसतं "काय म्हणता?" विचारलं तरी एखादा बाहेर पडतो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षांत मी परभणीला एका सरकारी कचेरीत सांख्यिकी सहायक होतो. तिथे मला आलेखांचा नाद लागला आणि तसलेच आणखी तिघे भेटले. काझीभाई आमचे ड्राफ्ट्समन. जाधव बसस्टँडमागे कॉम्प्युटर क्लास चालवायचा. आणि गित्ते गुरुजी राणीसावरगावाकडच्या एका वस्तीवर एकशिक्षकी शाळा सांभाळायचे. दर रविवारी जाधवच्या क्लासात जमायचं, एकमेकांचे आलेख बघायचे, फ्लॉप्या बदलायच्या आणि मनसोक्त नावं ठेवायची.

आम्हा तिघांना हौस होती, गुरुजींना मात्र गरज. त्यांची शाळा हजेरी कमी म्हणून बंद करायच्या यादीत होती, आणि ती यादी आमच्याच कचेरीच्या साहेबांकडे. दिवाळी झाली की कारखान्याचा ट्रक वस्तीवर यायचा, कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जायची आणि लेकरंही त्यांच्यासोबत. ती परतायची चैत्रात. तोवर शाळेत गुरुजी आणि म्हाताऱ्यांपाशी राहिलेली तीन-चार पोरं.

"साहेबाला बघितल्या बघितल्या कळंल असा एक कागद काढायचाय," गुरुजी म्हणायचे. "बाकी मला काय बी नगं."

*

साहेबांना काय कळायचं, त्याचा हा एक नमुना.

एकदा जिल्ह्याचा साक्षरतेचा नकाशा रंगवायचा होता. काझीभाईंनी जास्त साक्षर तालुके झकास निळे केले. साहेब खुर्चीतून उठलेच.

"निळा? या दिवसांत? उद्या मोर्चा येईल!"

मग भगवा केला.

"भगवा? परवा दुसरा मोर्चा येईल!"

तिसऱ्या रंगाचं नाव घ्यायला काझीभाईंनी तोंड उघडलं. साहेबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"नक्को साब," काझीभाई म्हणाले, "मैं बोलताच नै."

शेवटी सगळा जिल्हा तपकिरी झाला. फिका, मध्यम आणि गडद. मुंबईहून मोठे पाहुणे आले, नकाशासमोर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "वा! जमिनीचा कस फार चांगला दिसतो तुमच्याकडे!"

साहेब म्हणाले, "हो सर!"

*

लसीकरणाची प्रगती दाखवायची होती तेव्हाची गोष्ट. मागच्या वर्षाचा खांब आणि यंदाचा खांब शेजारी शेजारी काढले. डोळे बारीक करून पाहिलं तरच फरक दिसायचा.

"खांब वाढवा," साहेब म्हणाले.

"साब, आकडा उतनाच है, खंबा कैसा बढेगा?"

"ते तुमचं कौशल्य!"

काझीभाईंनी ब्लेड काढलं आणि ड्रॉइंग शीटचा खालचा पाऊण भाग सरळ कापून टाकला. उरलेल्या पट्टीत मागचं वर्ष नखभर आणि यंदाचं चांगलं दोन बोटं! आढावा बैठकीत कुणीतरी विचारलंच, "तुमचा तक्ता एवढुसा कसा?"

"काटकसर!" साहेब म्हणाले.

पुढच्या महिन्यात कागदाची बचत केल्याबद्दल आमच्या शाखेला प्रशंसापत्र आलं. ते आम्ही चौकट करून लावलं.

त्या रविवारी काझीभाईंनी गुरुजींनाही विचारलं, "तुमचा बी कापून देऊ का?"

"नगं भाई," गुरुजी म्हणाले, "माझं समदं खालीच हाय."

*

जाधवची गोष्ट निराळी. मशीनच्या पोटातून निघालेलं काहीही त्याला देवाच्या तोंडून आल्यासारखं वाटायचं. महिनाभर खपून त्यानं जिल्ह्याच्या सिंचनाचा गोल आलेख काढायचा प्रोग्राम लिहिला. स्क्रीनवर वर्तुळ सुरेख दिसायचं, पण प्रिंटरमधून कर्रर्र कर्रर्र करत बाहेर यायचं ते लांबट. तेही वीज टिकली तर! वीज गेली की जिल्ह्याचं सिंचन निम्म्यावर थांबायचं.

काझीभाईंनी कंपास लावून पाहिला. "मियाँ, ये चक्कर है के अंडा?"

"प्रोग्राम बरोबर हाय," जाधव म्हणाला. "तुमीच कागद जरा तिरपा धरा."

आणि खरंच, तिरपा धरला की गोल दिसायचं! ती सूचना मी कागदाच्या तळाशी छापून टाकली. बैठकीत झाडून सगळे अधिकारी कागद डोळ्यांपुढे तिरपे धरून बसले होते. का, म्हणून एकानंही विचारलं नाही.

*

याच जाधवनं एका रविवारी गुरुजींची गेल्या वर्षभराची हजेरी मशीनमध्ये घातली. गुरुजींच्या ग्राफपेपरवरची रेघ दिवाळीनंतर धाडकन खाली यायची आणि चैत्रात वर चढायची. जाधवनं सरासरीचा प्रोग्राम लावला. कागदावर एक सपाट, गुळगुळीत रेघ उमटली.

"बघा गुरुजी, खड्डाच गेला!"

गुरुजींनी तो कागद आपल्या ग्राफपेपरशेजारी धरला. "जाधवा, दिवाळीच्या आदी समदी लेकरं हुती, अन् माघात तीन. निम्मी तर कदीच नव्हती. तू निम्मी वर्षभर बसिवलीस की रं!"

आम्ही खो खो हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, कारण पुढची चूक माझी आहे. मशीनचा कागद म्हणून मोठ्या कौतुकानं तो मी साहेबांना दाखवला. साहेबांना सपाट रेघ फार आवडली.

"वर्षभर निम्मीच हजेरी? मग ही पोरं ओढ्यापलीकडच्या शाळेत बसवायला हरकत काय?"

दुपारपर्यंत शाळा बंद करायचा हुकूम टाइप झाला. फक्त एकदा जागेवर जाऊन पाहणी करायची आणि सही ठोकायची!

*

पाहणीला आम्ही माघात गेलो. हुकमाची फाईल सांभाळायला मी होतोच. वस्तीवर शुकशुकाट, दारांना कुलपं. शाळेत तीन पोरं पाढे म्हणायलेली. मला गुरुजींकडे बघवेना.

भिंतीवर गुरुजींनी मोठा ग्राफपेपर चिकटवला होता. त्यावर एक नाही, दोन रेघा होत्या. लाल रेघ दिवाळीनंतर खाली कोसळलेली. काळी बरोबर तिथूनच उठून वर वर गेलेली. कशाची कोणती, ते कुठेच लिहिलं नव्हतं.

वर जाणारी रेघ दिसली की साहेबांचा चेहरा फुलायचाच.

"शाब्बास गुरुजी! लाल तुमची हजेरी, ते कळलं. पण ही काळी? ही कोणत्या शाळेची? असं काम पाहिजे!"

"शाळेची न्हाई साहेब. कारखान्याची हाय. रोजचं उसाचं गाळप. माझा मेव्हणा तितं वजनकाट्यावर हाय, त्यो पोस्टकार्डावर आकडे धाडतो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. बोट लाल रेघेवरून खाली नेलं, मग काळीवरून वर नेलं.

"या दोन गोष्टी एकाच कागदावर काढायला तुम्हाला कुणी सांगितलं?" साहेबांचा आवाज चढला होता.

"कुनी न्हाई साहेब," गुरुजी म्हणाले. "येगयेगळ्या कागदावर काढल्या असत्या. पन टरक एकच येतो."

साहेबांनी माझ्या हातातली फाईल घेतली, सहीसाठी न उघडताच काखेत मारली आणि जीपकडे चालू लागले.