चौथा रकाना

सरकारला घाबरणारी माणसं मी नोकरीत रोज पाहिली, सरकारला शिव्या देणारी त्याहून जास्त पाहिली. पण सरकारला इयत्ता चौथीच्या वर्गासारखं वागवणारी व्यक्ती उभ्या जालना जिल्ह्यात एकच होती, ती म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची सासू. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. "नाव कशाला पायजे? काम सांग," असंच त्या म्हणाल्या असत्या. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही बाईच म्हणायचो. हसनाबादकडच्या खेड्यांतून तीसेक वर्षं शाळा शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि आमच्या तालुक्याच्या गावी मुलाकडे राहायला आल्या. मी तिथल्याच तहसिलात कारकून. त्यामुळे आमचं नातं दुहेरी होतं. घरी त्या मला "अरे, बस, च्या घे" म्हणायच्या आणि कचेरीत आल्या की "अहो कारकून" म्हणायच्या. ते 'अहो' ऐकलं की मी खुर्चीतून उठून उभा राहायचो.

कुठलाही छापील अर्ज बाई आधी तपासून घेत आणि मग भरत. लाल शाईचं पेन त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. 'अर्जदार नम्र विनंती करतो' यातला 'नम्र' त्या खोडायच्या. मी एकदा म्हणालो, "बाई, तसा रिवाज आहे." तर म्हणाल्या, "हक्काचा दाखला मागून राह्यले मी, उसनी साखर न्हाई." विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र त्या चष्मा लावून मागून-पुढून वाचायच्या, फोटोतला माणूस तोच आहे याची खात्री करायच्या, मग त्याला पाणी द्यायच्या, आणि मीटर दारातच असताना तो स्वयंपाकघराकडे का बघत होता याचं उत्तर घेऊनच सोडायच्या. जनगणनेच्या माणसाला मात्र त्यांनी घरात पाट दिला होता. "म्या बी हिंडलेय असंच, उन्हातान्हात," म्हणाल्या. पण त्याने यादीबाहेरचा एक प्रश्न विचारला, तेव्हा त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

नव्वदच्या दशकात बसस्टँडजवळ रशीद नावाच्या तरुणाने पत्र्याच्या गाळ्यात व्हिडिओ गेमच्या तीन मशिनी आणून ठेवल्या. आठवड्याभरात शाळेचे वर्ग निम्मे रिकामे दिसू लागले आणि पालकांनी गेम बंद करा म्हणून सह्यांचा अर्ज तयार केला. पहिली सही बाईंची, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. अर्ज घेऊन मंडळी घरी आली, तर बाई म्हणाल्या, "आधी पाहू तर द्या." दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पदर खोचून रशीदच्या गाळ्यात गेल्या आणि स्टुलावर बसल्या. रशीदने हात जोडले. "बाई, तुम्ही कशाला? मी बंदच करतो ना." बाई म्हणाल्या, "चूप. बटण कोन्तं दाबायचं ते दाखव."

पडणाऱ्या विटा रचायचा खेळ त्यांना आवडला. "याच्यात घाई हाये, पण विचार बी हाये," असा शेरा त्यांनी दिला. विमानांच्या खेळाबद्दल मात्र त्यांचं मत वेगळं होतं. समोरून येणाऱ्या विमानांवर गोळ्या झाडायच्या, तर बाई एकही गोळी झाडत नसत, नुसतं स्वतःचं विमान डावीकडे-उजवीकडे करून वाचवत राहायच्या. का, म्हणून रशीदने विचारलं, तर म्हणाल्या, "त्याह्यनी आपलं काय बिघडवलंय ते कुठं सांगितलंय इथं?" गोळी न झाडता त्या इतका वेळ टिकायच्या की पोरं आपापला खेळ टाकून त्यांच्या मागे उभी राहायची. हे दुपारी चारच्या पुढे, शाळा सुटल्यावर. सकाळी अकराला त्याच बाई गाळ्याच्या दारात छडी घेऊन उभ्या असत आणि दप्तरवाला दिसला की कान धरून शाळेपर्यंत पोचवत. पण अर्जावर सही त्यांनी केली नाही.

अर्ज आमच्याकडे आला, कारण करमणुकीचे परवाने माझ्याच टेबलावर होते. गाळा कायमचा बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा मीच लिहिला. सुनावणीच्या दिवशी रशीद एका कोपऱ्यात पडलेल्या चेहऱ्याने उभा होता आणि बाई तहसीलदारांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"आजी, मुलं बिघडताहेत," तहसीलदार समजुतीने म्हणाले.

"बराबर. मंग पोरं बिघडली तर मला बोलवा, त्याह्यच्या मायबापाला बोलवा. दुकान कशाला मारता?"

"पण शाळेच्या वेळेत—"

"शाळेच्या वेळंत बंद ठिवा, बिलकुल ठिवा. त्या वेळंला म्या सोता उभी हाये दारात. पन चारनंतर कोनी काय खेळावं हे सरकारनं ठरवायचं म्हणजे मंग आम्ही मास्तर लोकांनी काय करायचं? घरी बसायचं?"

तहसीलदारांनी मसुदा पुढे ओढला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि 'कायमचा' हा शब्द खोडून 'शालेय वेळेत' असं लिहायला सांगितलं. जाताना बाई माझ्या टेबलाशी थांबल्या. "अहो कारकून, 'शालेय'चा ल ऱ्हस्व काढलात," म्हणाल्या. ल ऱ्हस्व कसा निघतो हे मला आजवर कळलेलं नाही, पण तेव्हा मी घाईघाईने कागद तपासला होता.

पुढे सात-आठ वर्षांत मशिनी भंगारात गेल्या आणि रशीदने त्याच गाळ्यात चार कॉम्प्युटर लावून इंटरनेट सुरू केलं. बाईंची धाकटी लेक तेव्हा नवऱ्याबरोबर मस्कतला होती. घरात फोन होता, पण तो बैठकीत. बोलणं घरभर ऐकू जायचं आणि लेक फोनवर "बरं आहे" यापलीकडे काही बोलायची नाही. बाईंनी रशीदकडून ईमेल शिकून घेतला. मंगळवारी आणि शनिवारी, पडदा लावलेल्या शेवटच्या कप्प्यात बसून, एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी. आधी त्या लेकीच्या चुका दुरुस्त करून परत पाठवायच्या. हळूहळू ते बंद झालं. त्या बाहेर आल्या की कुणाशी न बोलता सरळ घरी जायच्या, असं रशीदने मला सांगितलं. काय लिहिलेलं असायचं ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग वरून परिपत्रक आलं. इंटरनेटच्या दुकानांत येणाऱ्यांची नोंदवही ठेवायची. नमुना आम्ही पाठवला आणि त्याप्रमाणे रशीदने वही आखली: नाव, पत्ता, वेळ, कामाचे स्वरूप. बाईंनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, वेळ लिहिली आणि चौथा रकाना तसाच सोडला. दोन आठवडे निभावलं. मग तपासणीला आलेल्या शिपायाने रिकामा रकाना पाहून दुकानाला कुलूप लावायची भाषा केली. रशीद बाईंच्या घरी येऊन रडकुंडीला आला. "बाई, काहीपण लिहा ना. 'लेकीला पत्र' लिहा."

"लेकीला पत्र हे बी माझंच हाये," बाई म्हणाल्या. "पन तुझं दुकान माझ्यापायी जायला नको." आणि त्यांनी रशीदकडे जाणं थांबवलं.

दीड महिना गेला. बहीण मला सांगायची, सासूबाई मंगळवारी-शनिवारी दुपारी अंगणात नुसत्या येरझारा घालतात, जेवणावर लक्ष नाही. मस्कतहून फोन आला, लेक म्हणाली "बरं आहे", आणि बाई रिसीव्हर ठेवून पुन्हा अंगणात गेल्या. मी कचेरीत जाऊन मूळ परिपत्रक काढलं, निदान काही पळवाट सापडेल म्हणून. त्यात तीनच बाबी होत्या. चौथी कुठेच नव्हती. आमच्या नमुन्यावर ती कुणी घातली हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही, कारण अक्षर माझंच होतं.

संध्याकाळी मी बाईंना जाऊन सांगितलं.

"कारण?" त्यांनी विचारलं.

"कागदावर जागा उरली होती, बाई. उजवीकडे कोरं दिसत होतं."

मी छडीची तयारी ठेवली होती. पण बाई ओसरीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "मला बी उरल्ती जागा." मग त्यांनी सांगितलं. खूप वर्षांपूर्वी त्यांना घरोघरची माहिती गोळा करायला पाठवलं होतं. एका बाईने चुलीशी बसून विश्वासाने सांगितलं की नवरा कामावर गेलेला नाही, सोडून गेलाय. कागदावर 'शेरा' म्हणून जागा होती. बाईंनी सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला. कागद चावडीवर वाचला गेला. "कोनी विचारलं नव्हतं मला ते. पन रिकामं ठिववत न्हाई आपल्याला. ती बाई गाव सोडून गेल्ती महिन्याभरात. जाताना मला वाटेत भेटली तरी नमस्कार घातला तिनं." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा टाकला.

दुसऱ्याच दिवशी मी तहसीलदारांपुढे सुधारित नमुना ठेवला. चूक माझी, असं लेखी दिलं. ठपका आला, तो घेतला. शनिवारी रशीदने नवी वही आखली आणि बाई पदर खोचून गेल्या. लेकीची एकोणीस पत्रं साचली होती. त्या दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसल्या. बाहेर आल्या तेव्हा रशीदने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरी येऊन मुलाला एवढंच म्हणाल्या, "तिचं परतीचं तिकीट काढ. एकीचंच."

लेक आली ती राहायलाच. शेजारपाजारच्या बायका विचारायला यायच्या. बाई त्यांना चहा द्यायच्या आणि राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी किती वाढली याबद्दल बोलायच्या. घरातल्या कुणी काही विचारलं नाही, माझ्या बहिणीनेही नाही. लेकीने वर्षभरात शिवणकामाचे वर्ग सुरू केले. तिला पुन्हा मोठ्याने हसताना मी त्याच अंगणात ऐकलं.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत मी कचेरीतून येताना डोकवायचो, तेव्हा मायलेकी ओसरीवर हळू आवाजात बोलत बसलेल्या असायच्या. मी दिसलो की थांबायच्या. "ये, बस," बाई म्हणायच्या. मी बसायचो, चहा जरा गरमच प्यायचो आणि लवकर उठायचो. फाटकापर्यंत पोचेस्तोवर मागे त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालेलं असायचं. आवाज यायचे, शब्द कळायचे नाहीत. मी फाटकाची कडी हळूच लावून घ्यायचो.