रिलिव्हर न आलेला साहेब

साखर कारखान्यात नोकरी केली की दोन गोष्टी अंगाला चिकटतात. एक मळीचा वास आणि दुसरे किस्से. वास ऑफ सीझनला जरा कमी होतो. किस्से मात्र भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखे बसल्या जागी फुगत जातात.

आता सांगतोय ते मात्र अक्षर न् अक्षर खरं आहे. आईशप्पत! माझी आई म्हणायची, "माझी शपथ घेऊन बोलत नको जाऊस रे, मला ठसका लागतो." तर, अक्षर न् अक्षर नाही, पण बरंचसं. कुठे मीठ जास्त पडलंय ते सांगेन. बहुतेक सांगेन.

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. श्रीगोंद्याकडचा कारखाना आणि आमची चौघांची गँग. पॅनवर तात्या, म्हणजे रस शिजवून त्याची साखर धरणारा माणूस. लॅबमध्ये साळवे. फिटर शब्बीरभाई. आणि मी सेंट्रिफ्यूगलवर, मळी आणि साखर वेगळी करायला. खरं आणि खोटं वेगळं करायचं मशीन कारखान्यात नव्हतं, हे माझं नशीब.

त्या वर्षी रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक सिरियल लागायची. डोंगरातलं एक गाव. एक पोरगी केसांना रिबीन बांधून घराबाहेर पडते आणि गायब होते. तिला शोधायला एक पोलीस साहेब बसमधून उतरतो. इथपर्यंत ठीक. पण त्या गावात एक माणूस पाठीवर नुसतं दार घेऊन हिंडायचा. आरशात पाऊस पडायचा, बाहेर ऊन! आणि साहेबाला कुणीच सरळ उत्तर द्यायचं नाही. साहेब विचारतो, "मुलगी कुठे गेली?" दुकानदार म्हणतो, "साखर संपली."

शब्बीरभाई उठून टीव्हीसमोर उभा राहिला. "साखर संपली? आमच्या गोडाऊनला ये की भाड्या! पोती ठेवायला जागा न्हाई!"

त्याच वेळेला केबलवर हिंदी पिक्चर असायचा. त्यामुळे ही सिरियल अख्ख्या कॉलनीत आमच्या गँगशिवाय कुणी बघत नव्हतं.

*

अडचण होती पाळीची. दर आठवड्याला पाळी फिरायची. दुसरी, म्हणजे दुपारनंतरची पाळी आली की रविवारी संध्याकाळी बाकीचे तिघेही कामावर. माझी साप्ताहिक सुट्टी रविवारची, म्हणून मी एकटा घरी.

आता कारखान्याचा नियम असा की, पुढच्या माणसाला चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नाही. कोणता पॅन कुठवर आला, वाफ किती, कुठला व्हॉल्व्ह गळतोय, सगळं तोंडानं सांगायचं. आणि तो पुढचा माणूस, रिलिव्हर, आलाच नाही तर? तर मग उभा राहा पुढचीही पाळी.

तसाच मी सिरियलचा चार्ज द्यायला लागलो. सुट्टी असूनही सातच्या चहाला कारखान्यात हजर. गेटवरचा वॉचमन म्हणायचा, "सुट्टीच्या दिवशी बी कारखाना सुटंना व्हय रं तुला!"

*

नुसता चार्ज देईल तो मी कसला? एकदा भाग फारच मिळमिळीत होता. साहेब पूर्ण वेळ खिडकीत उभा. मी आपला त्यात एक पैलवान घातला. साहेब खिडकीत उभा आहे, खाली पैलवान दंड थोपटतोय, "ये खाली!" शब्बीरभाईनं चहा ठेवून टाळी दिली.

पुढल्या आठवड्यात पाळी बदलली. तिघांनी स्वतः सिरियल पाहिली. शब्बीरभाई शेवटच्या पाटीपर्यंत डोळे फाडून बसलेला.

"कुठं हाय रं तुझा पैलवान?"

"त्याचीही पाळी बदलली!"

पाना घेऊन मागे लागला होता माझ्या. साळवे मात्र शांतपणे म्हणाला, "भाई, ह्याच्या शब्दावर ज्यानं पैलवानाची वाट बघितली, पाना त्यालाच मारायला पाहिजे."

*

तात्याला ना पैलवानाशी घेणं, ना दारवाल्याशी. मी कितीही तिखटमीठ लावून भाग सांगितला तरी तो एकच विचारायचा.

"पोरगी घावली का?"

"नाही तात्या."

"बरं."

एवढं बोलून पॅनमधला थेंब काचेवर घ्यायचा, दिव्यासमोर धरून दाणा बघायचा. आम्ही तिघे आपापल्या कपात बघायचो.

कारण तात्याचा विलास घरातून गेलेला. ड्रायव्हर व्हायचं होतं त्याला. तात्या म्हणाला, आधी शाळा. दुपारी जेवायच्या ताटावरच वाजलं दोघांचं आणि पोरगा उठून गेला तो गेलाच. कुणी म्हणालं, केडगावच्या नाक्यावर ट्रकमध्ये दिसला. तात्या तिथं जाऊन एकेका ट्रकच्या केबिनमध्ये डोकावून आला. कुणी म्हणालं, नेवाशाला हॉटेलात आहे. तिथेही जाऊन आला. तिथला पोरगा दुसराच निघाला. तात्यानं त्यालाच भजी खाऊ घातली आणि म्हणाला, "घरी कळवलंय का रं तू?"

*

पोलीस चौकीत एक साहेब होते. तात्या सुट्टीच्या दिवशी जायचा तेव्हा ते त्याला खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे. सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसायचंच. पण "शोध चालू आहे तात्या" असं म्हणायचे. तात्या त्या एका वाक्यावर आठवडा काढायचा.

सिरियल संपत आली होती तेव्हाच त्या साहेबांची बदली झाली. तात्या नेहमीसारखा गेला. खुर्चीत नवे साहेब. फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "कोण विलास?"

तात्यानं आम्हाला हे सांगितलं तेव्हा तो हसत होता. "बरोबर हाय त्यांचं. त्यांना चार्ज कुनी दिला आसंल?"



*

पुढच्याच रविवारी सिरियलचा शेवटचा भाग. आमची दुसरी पाळी. माझी सुट्टी.

भाग संपल्यावर मी बराच वेळ बंद टीव्हीसमोर बसून राहिलो. बायको म्हणाली, "जायचं नाही का चार्ज द्यायला? चहाला खोळंबले असतील." गेलो. तिघे पॅनजवळ थांबलेले.

"पोरगी घावली का?" तात्या.

"नाही. पण तात्या, ऐका तरी. शेवटी एक बस येते. पहिल्या भागातलीच बस, तोच स्टँड. दार उघडतं आणि साहेब उतरतो! तीच बॅग, तोच कोट. चहावाला पहिल्या भागात म्हणाला होता तेच म्हणतो, 'नवीन दिसताय साहेब?' संपलं."

"आँ?" शब्बीरभाई म्हणाला. "हा कसला शेवट?"

पुढे आठवडाभर कारखान्यात या शेवटाचाच काथ्याकूट!

साळवे म्हणाला, "सगळं गाव मेलेलं आहे. साहेबसुद्धा. मेलेल्यांना एकच दिवस परत परत..." शब्बीरभाईनं त्याच्या बरगडीत कोपर घातलं. तात्या जवळच उभा होता. "बोलू द्या की त्येला," तात्या म्हणाला. पण साळवे सँपलची बाटली उचलून लॅबकडे निघाला. पुन्हा कधी तो विषय त्यानं काढलाही नाही.

शब्बीरभाईचं मत ठाम होतं. "सोपं हाय. साहेबाचा रिलिव्हर आला न्हाई. मंग काय करनार? परत उतर, परत शोध. डबल ड्युटी!"

आणि तात्या, जो सिरियलबद्दल एका प्रश्नापलीकडे कधी बोलला नव्हता, तो म्हणाला, "आपन काय करतो? पैल्या उकळीत समदी साखर निघती का? न्हाई. ऱ्हाती मळीत. म्हनून फेकून देतो का? परत उकळतो. तसं हाय ते. पैल्या फेऱ्यात न्हाई घावली, तर दुसऱ्या फेऱ्यात घावंल."

शब्बीरभाईनं त्याला चक्क सलाम ठोकला. एवढी सरळ थिअरी सिरियल लिहिणाऱ्यालाही सुचली नसती.

*

काष्टीच्या बाजारात तात्याची बायको भेटली. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. हातात मेथीच्या जुड्या.

"भाऊजी, ती बस फिरून येती म्हनं?"

"कोणती बस, वहिनी?"

"तुमच्या टीव्हीतली. ह्ये सांगत हुते. कुठली गाडी असती ती? नगरची का दौंडाची?"

मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या, त्यातली ही सगळ्यात छोटी. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "नगरची."

वहिनी रविवारी संध्याकाळी स्टँडवर जायला लागली. नगरची गाडी यायची, माणसं उतरायची, गाडी रिकामी व्हायची, मग ही घरी. पदर नीट करून, केस विंचरून जायची, पाहुण्याला घ्यायला जावं तशी.

मला हे कळलं. तात्याला गाठलं. म्हटलं, "तात्या, वहिनींना सांगा, सिरियल आहे ती. खोटी असते."

तात्या काच पुसत होता. म्हणाला, "जाऊ दे तिला. आदी घरात बसून रडायची. आता उभी ऱ्हाऊन वाट बघती."

*

सीझन संपला. शेवटचा पॅन उतरला. वाफ बंद झाली की कारखान्यात एक शांतता पडते, कानात बोटं घातल्यासारखी. तात्या आणि मी पॅनच्या पायरीवर बसलो होतो.

मला शांतता सहन होत नाही. मी सुरू केलं, "तात्या, मी आणखी विचार केला. काळ गोल फिरतो. साहेब पहिल्या दिवशी परत आला, म्हणजे सगळंच पहिल्यापासून सुरू. म्हणजे बघा, ती पोरगी अजून गेलेलीच नाही! घरातच आहे. आरशासमोर रिबीन बांधतीय!"

वाटलं, खूश होईल.

तात्यानं पायरीवर सांडलेली साखर बोटानं गोळा केली. मग म्हणाला, "म्हंजी ती परत जानार."

तात्यानं माझ्याच गोष्टीत अडकवलं मला. मला! पैलवानाची पाळी बदलणाऱ्याला!

तात्या उठला. थंड पडलेल्या पॅनवर हात ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंग ह्या खेपेला तिला जेवून तरी जाऊ द्या म्हनावं."

आणि जिना उतरून गेला.

*

आता मिठाचं सांगतो. शब्दाला जागायला हवं.

चौकी खरी. वहिनी खरी, नगरची गाडीही खरी. तात्या जे बोलला त्यातला एकही शब्द माझा नाही. तसे शब्द मला सुचत नाहीत.

फक्त शेवटचा भाग माझा. पोरगी सापडली नव्हती, तेवढं बरोबर. पण टीव्हीवर बस स्टँडला उभी होती, चहावाल्यानं विचारलं, "निघालात साहेब?" साहेब म्हणाला, "बदली झाली." आणि तो बसमध्ये चढला.