वस्तीवरची लाईट

वडिलांना, आमच्या दादांना, न्युमोनिया झाला तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. कोल्हारचे आमचे नेहमीचे डॉक्टर वस्तीवर आले. पुष्कळ डॉक्टर मुलाला बाहेर बोलावून सांगतात. हे खाटेशेजारीच बसले.

"बाबा, नगरला दाखल करता येईल, नाहीतर इथंच बघू. इंजेक्शनं मी रोज येऊन देईन. या वयात परक्या जागी माणूस भांबावतो, म्हणून मला घर बरं वाटतं. पण ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालायला हवं. लाईट जाते का?"

"कदीच न्हाई," वडील म्हणाले. धाप लागलेली असताना एवढंच स्पष्ट बोलले.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आमची डीपी, म्हणजे वस्तीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, महिन्यात दोनदा जळाली होती, आणि रानातल्या वस्तीची दुरुस्ती सगळ्यांत शेवटी होते. इन्व्हर्टरवर मशीन जेमतेम दोन तास चाललं असतं. मी ते डॉक्टरांना सांगितलं. जोडीला सिलिंडर ठेवला तर तो संपल्यावर काय, हेही विचारलं.

"तू काय लायनमन हाय का?" वडील म्हणाले. "डॉक्टर, ह्यो ल्हानपनापून असाच. देव भेटला तरी आकडा इचारील."

डॉक्टर हसले नाहीत. नाडी धरून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "बाबा, नगरला जाऊ."

वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं.

अतिदक्षता विभागात दिवे कायम चालू. वडील भांबावले, मास्क ओढून काढू लागले, म्हणून त्यांचे हात कठड्याला बांधले. भेटायला गेलो की म्हणायचे, "लाईट बंद कर रं." मी सिस्टरना विचारलं.

"इथले दिवे बंद नाही करता येत, काका."

मी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल ठेवायचो. तो घसरायचा.

एका संध्याकाळी बायकोचा फोन आला. डीपी पुन्हा जळाली होती, दुपारपासून लाईट नव्हती. माझा हिशेब बरोबर निघाला होता. त्या दिवशी वडील जरा शुद्धीवर होते. त्यांना पटावं म्हणून मी सांगितलं.

"म्हंजी घरी अंधार हाय?"

"हो, दादा."

"मंग तिथं झोप लागंल," ते म्हणाले आणि उठायला लागले. हात बांधलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. घरी आणलं तेव्हाही वस्तीवर लाईट आली नव्हती.