दाजींचा गुलाबी स्फटिक

आमच्या घरात दगडांतलं फक्त मला कळतं, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

नव्वदच्या दशकातला एक रणरणता मे महिना. सासुरवाडीहून, सायखेड्याहून परतताना रस्त्याच्या कडेला मला तो दिसला. चांगला भोपळ्याएवढा, गुलाबी, उन्हात आतून उजळलेला! मी स्कूटर थांबवली.

"अहो, काय सापडलं?" मागच्या सीटवरून माझी बायको, सुनंदा.

"स्फटिक! गुलाबी स्फटिक!"

"कशावरून?"

"रंगावरून!" (आणखी पुरावा माझ्याकडे नव्हता.)

अख्खी वाट सुनंदानं तो मांडीवर धरून ठेवला. घरी आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. शेजारी बघायला आले. मी म्हणालो, "नुसतं पॉलिश हवं. मग बघा, आरशासारखा चमकेल!"

माझा मेहुणा संजय अंबडला एका वर्कशॉपमध्ये होता. तिथं लोखंडी भाग घासून गुळगुळीत करायला गोल फिरणारा ड्रम होता. शनिवारी संध्याकाळी मालकाच्या परवानगीनं आम्ही त्यात दगड ठेवला, वाळू टाकली, काठोकाठ पाणी भरलं. झाकण आवळून वर माझं कुलूप लावलं आणि ड्रम सुरू केला. किल्ली माझ्या खिशात!

"दाजी, एवढा बंदोबस्त?"

"लाखमोलाची वस्तू आहे, संजय. कुणाचा भरवसा नाही."

सोमवारी कुलूप काढलं. आत वाळू. पाणी. बस्स! मी खांद्यापर्यंत हात घालून ढवळलं. दगड गायब!

"संजय, दगड कुठंय?"

"मला काय माहीत? किल्ली तुमच्याकडे!"

"कुलपाला दुसरी किल्ली करता येते!"

संजयचा चेहरा उतरला. तो तडक निघून गेला. घरी सुनंदानं ऐकलं मात्र, थेट बॅग भरायला घेतली. "माझ्या भावाला चोर म्हणालात? राहा त्या दगडाबरोबर!"

"पण दगडच नाहीये ना!" मी रडकुंडीला आलो. पुरावा म्हणून बाटलीत भरून आणलेलं ड्रममधलं पाणी मी आईपुढे धरलं. आईनं वास घेतला, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अरे, हे तर खारट ढाण!"



"सैंधव आहे मेल्या! गुरांना चाटायला ठेवतात तो मिठाचा खडा! कुणाच्या तरी गाडीतून पडला असेल!"

सुनंदा बॅगेवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी मात्र तसाच अंबडला पळालो. संजय वर्कशॉपच्या दारात एकटाच चहा पीत होता.

"संजय, चुकलं माझं. मिठाचा खडा होता. विरघळला तो."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "दाजी, ड्रम आतून गंजलाय. घासायला या."

रविवारभर मी ड्रममध्ये डोकं घालून तो घासला.

भाऊबीजेला संजयनं सगळ्यांसमोर माझ्या हातात एक अंगठी ठेवली. चांदीची, वर पांढरा खडा. "आधी चाटून बघा, दाजी, मगच घाला!"

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. मग स्वयंपाकघरात गेलो, कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि खरंच चाटली!