तोफेमागची चार माणसं

कवळीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभा जन्म दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देण्यात गेला, म्हणून चिकटलेलं नाव. आसपासची निम्मी म्हातारी मंडळी त्यांनी केलेल्या दातांनी हसत, आणि उरलेली निम्मी त्याच दातांनी त्यांच्या नावानं खडे फोडत.

काम सुटलं तरी कानशी आणि चिमटे सुटले नाहीत. त्यांतून बोटाच्या पेराएवढ्या तोफा जन्माला येऊ लागल्या. चाकाचे आरे दातकोरणीचे, नळी संपलेल्या बॉलपेनच्या पितळी टोकाची, आणि नळी पुसायच्या दांड्याला खुद्द कवळीवाल्यांच्या मिशीचा केस. रविवारी जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरायचं, खाली जाड पुस्तकं सारून टेकड्या करायच्या, आणि शेजारच्या औषधवाल्याशी फासे टाकून घनघोर युद्ध.

तोफ त्यांची, पण तोफेमागची शिशाची माणसं रंगवायच्या बायको. "तुम्ही चाकं करा, माणसांतलं तुम्हाला काय कळतंय?" असं म्हणून त्यांनी तो प्रांत केव्हाच ताब्यात घेतला होता. दोनच केसांच्या कुंचल्यानं त्या चेहरे काढत, आणि चेहरे सगळे नात्यातले. डोंगरी तोफेवर तर घरच भरलं होतं. गोळा ठासणारा त्यांचा थोरला भाऊ, बत्ती धरणारे मामेसासरे, नुसता हुकूम सोडणारी नणंद (मिशा लावून), आणि चौथा, कानात बोटं घालून उभा.

"हे तुम्ही," त्या म्हणाल्या होत्या. "मी बोलायला लागले की असेच उभे राहता."

"मी एवढा बावळट दिसतो?"

"बावळट नाही हो. हसू दाबताय. नीट बघा."

भिंगातून बघितलं, तर खरंच. तिळाएवढ्या तोंडाचा एक कोपरा केसभर वर गेलेला.

बायको गेल्यावर त्यांनी रंगांची पेटी मिटली. नव्या तोफा थांबल्या. डोंगरी तोफ मात्र दर रविवारी टेकडीवर चढायची, आणि औषधवाल्याच्या घोडदळाची दाणादाण उडवायची.

मग एकदा तोफ आणि माणसं चिकटवलेल्या पायाला चीर गेली. नवा पाया करायचा म्हणून त्यांनी चारही माणसं हलकेच सोडवून बशीत ठेवली. शेजारच्या बशीत बाजारातून जुनी घेतलेली चार माणसं होती, कुणीतरी भिंत सारवावी तशी रंगवलेली. ती रंग काढायच्या द्रावणात टाकायची होती. कवळीवाले चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावर होता. शेवटी कंटाळून चाचपतच त्यांनी एक बशी उचलली आणि बरणीत रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी शीळ घालत ते जुन्या टूथब्रशनं एकेकाला घासायला बसले. रंग साईसारखा निघत होता. पहिला लख्ख झाला. दुसरा, तिसरा. चौथ्याला घासताना ब्रश कोपरात अडकला. हात वर. बोटं कानात.

शीळ थांबली. दुसऱ्या बशीत ती भिंतीसारखी सारवलेली बाजारातली चौघं खुशाल पडली होती.

रविवारी औषधवाला आला तेव्हा टेकडी रिकामी होती आणि तोफ कपाटात.

"काय रे, तोफखाना रजेवर?"

कवळीवाल्यांनी मूठ उघडली. चार उघडी शिशाची माणसं बघून औषधवाल्याला काय झालं ते सांगावं लागलं नाही. तो खुर्चीत बसला.

"ठेव तशीच टेबलावर. मी काही म्हणणार नाही."

"बिनरंगाचं माणूस लढणार नाही. नियम माझाच आहे. तुझी अख्खी पलटण 'आधी कपडे घालून ये' म्हणून परत पाठवली होती मी."

"मग रंगव की लेका. दात रंगवण्यात जन्म गेला तुझा."

"रंगवीन. येईल मला." त्यांनी चौथ्याला अंगठ्यानं पुसलं. "पण आरशात दिसतो तोच मी काढणार ना? तिला कसा दिसायचो, ते या एकट्याला माहीत होतं."

औषधवाल्यानं विनाकारण फासे खुळखुळवले. मग दोघं खेळायला लागले.

टेकडीखालून सरळ वाट मोकळी होती. एका चालीत घोडदळ कवळीवाल्यांच्या छावणीत शिरलं असतं. औषधवाल्यानं घोडे उचलले आणि लांबच्या वळणानं, ओढ्यापलीकडून नेले.

"अरे, सरळ ये ना," कवळीवाले म्हणाले. "तोफ नाहीये तिथे."

"माहीत आहे."

"मग?"

"वहिनींच्या माणसांनी फार मार दिलाय तिथून," चालीचं अंतर मोजायच्या पट्टीवरून मान न उचलता औषधवाला म्हणाला. "माझे घोडे नाही जात त्या वाटेनं."

कवळीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांची चाल होती. औषधवाला वाट बघत राहिला.